सुरंगीची ग्लँड: थेंब अखेर मोजता आले

मिनिटाला चार थेंब! आमच्या सुरंगी या लाकडी बोटीचं इंजिन बाराशे आरपीएमवर, शाफ्ट (इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणारा दांडा) फिरतोय, आणि ग्लँडखालच्या डब्यात मिनिटाला चारच थेंब. ग्लँड म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारी, दोरीचं पॅकिंग भरलेली पेटी. मागच्या वेळी लिहिलं तेव्हा तिथे धार लागलेली होती आणि बिल्ज पंप (बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा) रात्रीतून तीनदा चालू व्हायचा. अहो तर म्हणाले होते, बोटीवर राहतोय की विहिरीत?

तोवर काय काय करून झालं ते थोडक्यात. ऑगस्टपासून पॅकिंग तीनदा बदललं. रिंगा तिरक्या कापल्या, जोड एकाखाली एक येऊ दिले नाहीत, सगळं पुस्तकाबरहुकूम. नट आवळला की दहा मिनिटांत ग्लँडला हात लावता येत नाही इतकी तापणार, सैल केला की पुन्हा धार. त्यात रत्नागिरीतल्या एका दुकानदाराने ‘एकदम भारी माल’ म्हणून ग्रॅफाइटची दोरी गळ्यात मारली. आमचा शाफ्ट स्टेनलेसचा. खाऱ्या पाण्यात ग्रॅफाइट त्याच्याशी पटवून घेत नाही, शाफ्ट खातं. परत द्यायला गेले तर म्हणतो, सगळे हीच नेतात. नेत असतील. मी टेफ्लॉनवाली घेतली, महाग पडली, पण धार तशीच.

मग मी ठरवून टाकलं की शाफ्टचं मागचं बेअरिंग गेलंय. विजयदुर्गच्या खाडीत आपल्या बोटवाल्यांचा मेळावा होताच, तिथेच गिर्येच्या बाजूला सुरंगीला भरतीला टेकवायचं, ओहोटीला कोरडी झाली की बेअरिंग बदलायचं. दिवस त्रयोदशीचा धरला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे पावणेदहा. पौर्णिमेच्या ऐन उधाणावर टेकवली आणि पुढच्या भरत्या उतरत गेल्या तर अमावास्येपर्यंत वाळूतच मुक्काम. दोन दिवस आधी टेकवली की पाणी अजून चढतं असतं.

मिरकरवाड्याहून पहाटे मतलईवर, म्हणजे जमिनीकडून येणाऱ्या वाऱ्यावर, निघालो. पूर्णगड मागे पडेपर्यंत समुद्र तेलासारखा. जैतापूरच्या दीपगृहापाशी वारा फिरला, तरी जेवणाआधी किल्ल्याच्या आडोशाला नांगर पडला. नऊ बोटी जमल्या होत्या, त्यांत कायम बोटीवर राहणारे आम्ही धरून दोघेच. तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, भाकरी, आणि जुन्या सामानाची देवाणघेवाण. मी एक चांगली साखळी मिळवली, आमची चौथी बादली कुणीच नेली नाही.

संध्याकाळी एका बोटीवरचे म्हातारे तांडेल (बोट चालवणारे) इंजिनरूममध्ये उतरले. पंखा बघितला नाही, पॅकिंग बघितलं नाही. शाफ्टवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, “गो बाय, अलाइनमेंट खंय केलंस? वयर काय पाण्यात?”

मी म्हटलं, इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणले ते वरच, किनाऱ्यावर, जूनमध्ये. मासेमारी बंद, मिस्त्री मोकळे, बोट ओढलेली.

“लाकूड जितां आसता गो. वयर एक आकार, पाण्यात दुसरो.”

बोट ओढलेली असताना तिचं वजन ठोकळ्यांवर असतं आणि फळ्या सुकलेल्या. पाण्यात सोडली की फळ्या फुगतात, टाक्या भरल्या की मागची बाजू बसते, आणि इंजिनचा बेड थोडासा का होईना हलतोच. हे मी वाचलं होतं. वाचलेलं आणि सुचलेलं यांत फरक असतो, दुसरं काय!

रात्रीच कपलिंगचे, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या दोन फ्लँजचे (चकत्यांचे), बोल्ट सैल केले. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) दोन्ही फ्लँजमधली फट चार ठिकाणी मापली: वर ०.१० मिमी, खाली ०.५५. मग शाफ्ट पाव फेरा फिरवून पुन्हा मापलं. फट शाफ्टबरोबर फिरली असती तर दोष फ्लँजचा ठरला असता. ती खालीच राहिली, म्हणजे दोष इंजिनच्या बसण्यात. आमची फ्लँज दीडशे मिमीची, तिला ०.१५ पर्यंतचा फरक चालतो. आम्ही साडेचार दशांश घेऊन हिंडत होतो! इंजिनच्या पुढच्या पायांखालच्या शिमा (पातळ पत्रे) काढत काढत जवळपास तीन मिमी कमी केल्या, मग पुन्हा माप, पुन्हा आवळणं. दोन वाजता चारही बाजूंना फरक ०.०८ च्या आत आला. अहो टॉर्च धरून धरून उभ्या उभ्या झोपले होते.

सकाळी नवं पॅकिंग, आणि चार थेंब. थेंब अजिबात नसता तर मी घाबरलेच असते, कारण पॅकिंगला गार ठेवायला पाणी लागतंच. मेळाव्यात दोघांनी ‘न गळणारं’ सील बसवा असं सुचवलं. बसवणार नाही. त्याचं रबर फाटलं तर देवगडला कोण विकत देणार? दोरी मात्र बहुतेक बंदरांत मिळते.

त्रयोदशीला टेकवायचं रद्द केलं, हे लिहायला बसले होते. पण आता लिहिताना वाटतंय, रेषेत नसलेल्या शाफ्टने तीन महिने मागचं बेअरिंग घासलं असणारच. पाण्याखाली जाऊन पंखा हाताने हलवून बघायला हवा. फार खुळखुळला तर अमावास्येचं उधाण आहेच, गंज स्वतःवर घेणारे झिंकचे तुकडेही तेव्हाच बदलून होतील. मालवणहून कुणी येणार असेल तर १० मिमीची टेफ्लॉन दोरी दोन मीटर आणा, पैसे लगेच देते. ग्रॅफाइट नको.