दिवसा के टू एस केलं, आता जिना उतरवत नाहीये

रविवार, जानेवारी. रात्रीचे नऊ वाजलेत, पाय कोमट पाण्याच्या बादलीत आहेत आणि उठायची अजिबात इच्छा नाहीये म्हणून लिहितोय.

के टू एस म्हणजे पुण्याजवळचा कात्रज ते सिंहगड हा टेकड्यांवरून जाणारा ट्रेक. कॉलेजात असताना दोनदा केलेला, दोन्ही वेळा पौर्णिमेच्या रात्री, सगळे तसंच करतात. यावेळी भाचा मागे लागला की मामा दिवसा जाऊ, फोटो चांगले येतील. मी म्हटलं जाऊ की, त्यात काय, सोळा-एक किलोमीटर तर आहे. त्यात काय ते आता कळलं.

सकाळी सातला कात्रजच्या जुन्या बोगद्याजवळ रिक्षातून उतरलो, वाघजाईला नमस्कार केला आणि चढायला लागलो. पहिल्या दोन टेकड्या एकदम मजेत. उजवीकडे अख्खं पुणं धुक्यात बुडालेलं, डावीकडे खाली सातारा हायवेवर मुंग्यांसारखे ट्रक, गवत वाळून सोनेरी झालेलं. भाचा पुढे पळतोय, मी मागून ‘अरे दमानं’ करत.

गोची काय आहे सांगतो. रात्री टॉर्चच्या उजेडात पुढची दोन पावलं दिसतात, बाकी अंधार, त्यामुळे माणूस निमूट चालत राहतो. दिवसा सगळंच दिसतं. पहिल्याच टेकडीवरून सिंहगडावरचा टीव्ही टॉवर दिसायला लागला आणि मग दिवसभर तो तिथेच. एक टेकडी उतरा, खिंडीत या, परत चढा, वर येऊन बघा, तर टॉवर आहे तेवढाच. बारा वाजता तर मला त्या टॉवरचा वैयक्तिक राग यायला लागला होता.

आणि टेकड्या नक्की किती यावर आजवर दोन माणसांचं एकमत झालेलं मी बघितलं नाही. कोणी तेरा म्हणतं, कोणी चौदा, कोणी सोळा. मधली टेपाडं धरायची की नाही यावर सगळं आहे. आमचंही सातव्यावरून वाजलं. भाचा म्हणे ही आठवी, मी म्हटलं मघाचं ते टेपाड होतं, तो म्हणे मग माझे पाय का दुखले.

चढ परवडला पण उतार नको. सगळा मुरूम आणि घसारा, पाय ठेवला की बारीक खडे बेअरिंगसारखे फिरतात. एका उतारावर मी सरळ बसलो आणि बसूनच खाली आलो, पँटची वाट लागली. तिथेच उजव्या बुटाचा सोल पुढून सुटला, मगरीसारखा आ वासून. दर पावलाला फटक, फटक आणि आत खडे. चूक माझीच, चार वर्षं कपाटात पडलेले बूट तसेच घालून आलो. शेवटी भाच्याने स्वतःच्या हुडीची नाडी ओढून काढली, सोलखालून दोन वेढे देऊन वर घट्ट गाठ मारली. पोरगं घरी स्वतःचं ताट उचलत नाही, पण गाठ मात्र अशी मारली की आत्ता कात्रीने कापावी लागली.

वाटेत पाणी कुठेच नाही. माणशी तीन लिटर नेलेलं, दोनच्या सुमारास माझं संपलं. वर सावली नाही, ऊन आता बरोब्बर तोंडावर, कारण चालायचं पश्चिमेला. भाच्याकडे एक संत्रं उरलं होतं, ते आम्ही फोडी मोजून खाल्लं, मग सालीसुद्धा चघळल्या.

साडेतीनच्या पुढे कधीतरी घाटाच्या डांबरी रस्त्याला लागलो. गाड्या जातायत, लोक मस्त गडावर पिठलं-भाकरी खायला निघालेत आणि आम्ही कठड्यावर धूळ खात बसलेलो. भाचा म्हणाला, “मामा, वर जाऊया ना, देवटाक्याचं पाणी, मडक्यातलं दही...” मी नुसता बुटाकडे बघितलं. जीप थांबवली आणि पायथा गाठला. बसमध्ये खिडकी मिळाली, स्वारगेटला कंडक्टरने हलवून उठवलं.

घरी ताईने दारातच विचारलं, “किती टेकड्या झाल्या रे?”

भाचा म्हणाला चौदा. मी म्हटलं तेरा. ताई म्हणाली आधी पाय धुवा दोघंही.