सांधण ते नेढं: साम्रदच्या दगडात दोन दिवस

भंडारदऱ्याला जाणारी बहुतेक मंडळी पाणी बघायला जातात. धरण, रंधा धबधबा, तलावाकाठचे तंबू. मला तिथला दगड बघायचा होता. अकोले तालुक्यातलं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. सुमारे ३६२ चौरस किलोमीटरचा हा प्रदेश आहे. उत्तरेला १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, दक्षिणेला हरिश्चंद्रगड आणि त्याचा आत वळलेला कोकणकडा. या दोघांच्या मधल्या साम्रद-रतनवाडीच्या पट्ट्याकडे त्या मानाने कमी लोक वळतात. इथे एका ठिकाणी जमीनच उभी चिरली आहे, ती सांधण घळ, आणि शेजारच्या रतनगडाच्या माथ्याला आरपार भोक पडलं आहे, ते नेढं. ही दोन्ही ठिकाणं लागोपाठ पाहावीत असं खूप दिवस मनात होतं. फेब्रुवारीत ते जमलं.

कसारा घाट, घोटी, बारी, शेंडी आणि मग तलावाला वळसा घालत साम्रद. रस्त्याबद्दल एवढंच पुरे. शेवटच्या टप्प्यात मात्र गाडीची काच खाली करावी. एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला झाडी आणि समोर रतनगड, शेजारी त्याचा खुट्टा. हा सुळका गडापासून इतका सुटा उभा आहे की पहिल्यांदा पाहणाऱ्याची नजर गडाआधी त्याच्यावरच जाते.

साम्रद हे महादेव कोळ्यांचं गाव. आम्ही उतरलो त्या घरातल्या दादांनीच वाट दाखवायचं कबूल केलं होतं. सांधणीकडे जाताना काही विशेष घडणार आहे असं अजिबात वाटत नाही. गावाबाहेर पडलं की शेतं, बांध, करवंदीच्या जाळ्या, मग थोडं जंगल. पायाखाली पठार. आणि अचानक समोर जमीन फाकते. आपण वरून दरीत डोकावत नाही, पायवाटच आपल्याला चिरेच्या आत घेऊन जाते. सुरुवातीला जिवंत झऱ्याचं पाणी आहे. दादा तिथे ओंजळीने प्याले, आम्हीही प्यायलो. त्यापुढे मोठाल्या धोंड्यांवरून उतरत गेलं की दोन्ही बाजूंच्या भिंती चढत जातात आणि आकाशाची पट्टी उरते.

घळीची लांबी सुमारे दोन किलोमीटर, भिंती ठिकठिकाणी दोनशे फुटांच्या वर. काही जागा अशा की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. बाहेर ऊन चटकत होतं आणि इथे अंगावर शहारा. पाण्याचा पहिला डोह कमरेएवढा लागला. बुटांत पाणी भरलं, पाय बधिर झाले, आणि पलीकडच्या धोंड्यावर चढून मी मुद्दाम थांबले, कारण मला ज्या गोष्टीसाठी यायचं होतं ती नेमकी हाताशी आली होती.

खांद्याच्या उंचीवर भिंतीत असंख्य बारीक पोकळ्या होत्या. मसुराएवढ्या, काही लिंबाएवढ्या. बऱ्याच पोकळ्यांत पांढरं काहीतरी भरलेलं होतं. बॅटरीचा उजेड तिरका टाकला तर त्यातले कण चमकले. लाव्हा थंड होताना त्यातले वायूचे बुडबुडे तसेच अडकून राहिले, आणि पुढे लाखो वर्षं दगडातून झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी खनिजं आणून भरली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले, हे आपण सगळ्यांनीच शाळेत वाचलेलं असतं. पण त्यातल्या एका बुडबुड्यावर बोट ठेवून उभं राहणं वेगळं. हाताने वरची शेवाळी ओल पुसली तेव्हा खालचा दगड जवळजवळ जांभळा दिसला.

सांधणीला सर्रास ‘निसर्गाचा चमत्कार’ म्हणतात. मला हा शब्द अपुरा वाटतो, कारण तो तिथेच थांबतो. कातळाला उभ्या भेगा पडतात, मग पाऊस त्या भेगा धरतो. वर्षानुवर्षं त्याच ओळीने पाणी धावतं, सैल झालेले तुकडे ओढून नेतं, भिंतीतून सुटलेले धोंडे खाली लोटतं. आपण ज्या धोंड्यांवरून उड्या मारत जातो ते त्याच कामाचा चालू असलेला भाग आहेत. काम संपलेलं नाही. म्हणूनच पावसाळ्यात इथे पाऊल टाकायचं नाही. वर पठारावर जोराची सर आली तरी आत काही मिनिटांत लोंढा येतो आणि भिंतींना चढायला जागा नसते. दादा म्हणाले, “आमी गावातली मान्सं बी पावसात हितं फिरकत न्हाई. गुरंसुद्दा वळत न्हाईत ताई.” एवढं ऐकूनही पावसात येणारे असतात. त्यांना शोधायला उतरायची वेळ शेवटी गावातल्याच पोरांवर येते.

जिथून पुढे दोर लावून उतरावं लागतं तिथपर्यंत आम्ही गेलो. भिंती एकदम बाजूला होतात आणि खाली कोकण उघडं पडतं. पुढचा कडा उतरून डेहण्याकडे जाता येतं, पण त्यासाठी दोर, सराव आणि जाणकार माणूस हवा. आम्ही तिथल्या सपाट खडकावर बसून भाकरी खाल्ली. एक गोष्ट मला तिथे फार लख्ख कळली. सांधणीतलं पाणी पश्चिमेला पडतं आणि अरबी समुद्राला मिळतं. रतनगडाच्या दुसऱ्या अंगाला उगम पावणारी प्रवरा मात्र पूर्वेला वळते, भंडारदऱ्याच्या धरणात साठते, पुढे गोदावरीला मिळते आणि बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. या गावातल्या घरांवर पडणारा पाऊस कुठल्या समुद्राला जाणार हे पन्हळ कुठल्या बाजूला आहे त्यावर ठरत असेल.

परतताना डोहाच्या कडेला वेफर्सची पाकिटं आणि बाटल्या दिसल्या. आम्ही पिशवीत भरता येतील तेवढ्या भरल्या. फार वाईट वाटलं. हे पाणी खाली कुणीतरी पितं.

रात्री घरी तांदळाची भाकरी, पिठलं आणि ठेचा होता. घराची एक भिंत कारवीच्या काठ्यांची, शेणामातीने लिंपलेली. कारवी साताआठ वर्षांतून एकदा फुलते आणि मग मरते, तिच्या वाळक्या काठ्या अशा कामाला येतात. मावशींनी कोपऱ्यातलं हिरड्याचं पोतं दाखवलं. बाळहिरडा गोळा करून विकणं हा इथल्या घरांचा मोठा आधार आहे. काजव्यांचा विषय निघाला. मे अखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात इथल्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर काजवे लखलखतात आणि शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात. काजवे उजेडाची उघडझाप करून जोडीदार शोधतात. हेडलाइट आणि मोबाइलच्या झोतात ते त्यांना साधत नाही. पर्यटनामुळे चार पैसे मिळतात हे मावशी मोकळेपणाने सांगत होत्या, पण “दिवे इझवा म्हनलं तर आमच्यावरच वरडत्यात” हेही त्यांनी तितक्याच सरळ सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत रतनगडाकडे निघालो. साम्रदहून त्र्यंबक दरवाजाची वाट खुट्ट्याजवळून जाते. सुरुवातीचं रान दाट आहे आणि माझ्या मते या अभयारण्यातलं ते सर्वात देखणं रान आहे. सह्याद्रीच्या या भागात डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. लाव्ह्याचे थर भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक बसलेले. टणक थराचा कडा होतो, त्याच्या पायाशी उतार होतो, आणि माती टिकते ती फक्त या उतारांवर. जंगल तिथेच आहे, कड्यांच्या मध्ये पट्ट्यापट्ट्याने. हे पट्टे तुटले तर माती एका पावसाळ्यात कड्यावरून खाली जाईल आणि नुसता कातळ उरेल. झाडी गेलेले शेजारचे काही उतार पाहिले की हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

एका सादड्याच्या झाडावर पानं-काटक्यांची मोठी घरटी होती. दादांनी हात वर केला, आम्ही थांबलो. तांबूस पाठीचं, लांब झुपकेदार शेपटीचं शेकरू फांदीवर पोट टेकून निजलं होतं. आमची चाहूल लागताच उठलं, चिडून ओरडलं, आणि एका झेपेत पुढच्या झाडावर. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो. त्याला फांदीला फांदी लागलेलं जंगल हवं. मधली दहा झाडं तोडली की त्याची वाट तुटली.

कातळात खोदलेल्या पायऱ्या चढून त्र्यंबक दरवाजातून आत गेलो. पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत, दोन्ही हात मोकळे हवेत. तिथून नेढं फार लांब नाही. गडाच्या अरुंद माथ्यावर, कच्चा दगड ऊन-वारा-पावसाने झडून हे आरपार भोक पडलं आहे. आत दहा-बारा माणसं सहज बसतील. वारा असा की टोपी हातात धरावी लागते. उत्तरेला अलंग, मदन, कुलंग आणि त्यामागे कळसूबाई, दक्षिणेकडे आजोबाचा डोंगर, पूर्वेला तलाव. समोरच्या सगळ्या डोंगरांवर थरांच्या आडव्या रेघा एकाच पातळीत जुळत होत्या. मधल्या दऱ्या नंतर कोरल्या गेल्या, आधी हे सगळं सलग पठार होतं, हे त्या रेघा पाहून पटतं. कालच्या घळीत मी ज्या भेगेच्या तळाशी उभी होते, तशाच भेगा मोठ्या होत होत या दऱ्या झाल्या असाव्यात, असा विचार करत मी बराच वेळ बसून होते.

उतरायला आम्ही गणेश दरवाजाची वाट घेतली. लोखंडी शिड्या आहेत, गर्दीच्या दिवशी खालून येणाऱ्यांना आधी वाट द्यावी. खाली रतनवाडीत प्रवरेच्या काठी अमृतेश्वराचं मंदिर आहे. थकून आल्यावर लोक चहा पिऊन गाडीत बसतात, तसं करू नका. गडावर जो दगड पाण्याने खाल्ला तोच इथे माणसाने छिन्नीने कोरला आहे. खांबांवर आणि बाहेरच्या भिंतींवर नक्षी आहे, जवळच्या पुष्करणीच्या कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती आहेत. मंदिराच्या पायाशी हात लावून पाहिला तर दगडात तेच बुडबुडे सापडतात, सांधणीतल्यासारखे, फक्त इथे कारागिराने शक्य तिथे ते चुकवून रेघ नेली आहे.