चिठ्ठीत कोणतं गाव निघालं असतं

"मॅडम, ते सगळं ठीक आहे हो, पण शेवटी तो उस्मानाबादचा कॅन्सर-तपासणीचा अभ्यास बरोबर होता की चूक?"

नर्सिंग कॉलेजात माझं व्याख्यान संपलं की हा प्रश्न येतोच. परवा पुतणीनेही जेवताजेवता विचारला. एका पत्रकाराला उत्तर एका वाक्यात हवं होतं. मी "अवघड आहे" म्हणते आणि लोकांना वाटतं, बाई सावध बोलतात. सावध-बिवध काही नाही. एकदा मी याचं उत्तर एका वाक्यात देऊन बसले आहे, म्हणून आता देत नाही. पुन्हा विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

अभ्यास काहींना ठाऊक असेल, तरी आकडे मांडते, कारण भांडण आकड्यांपासूनच सुरू होतं. १९९९ साली उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा, आणि फ्रान्समधल्या ल्योंची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार भागांत वाटले. एका भागात एचपीव्हीची, म्हणजे ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, म्हणजे पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, तिसऱ्यात व्हिनेगर लावून बघायची ती 'व्हाया'. चौथ्या भागातल्या ३१,४८८ बायकांना 'नेहमीची सेवा'. तपासणी करून घ्यायची तर कुठे जायचं एवढी माहिती, बाकी आधी होतं तसंच.

२००९ साली निकाल छापून आला. आठ वर्षांत या कॅन्सरने चौथ्या भागातल्या ६४ बायका गेल्या, एचपीव्हीच्या भागातल्या ३४.

हे ३४ आणि ६४ मी पहिल्यांदा वाचले तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई मी. एका हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीत, म्हणजे संशोधनाला परवानगी द्यायची की नाही ते ठरवणाऱ्या कमिटीत, 'सामान्य माणूस' म्हणून नुकतीच बसायला लागले होते. कमिटीत डॉक्टर, वकील, समाजशास्त्रवाले यांच्याबरोबर एक सामान्य माणूस लागतोच, नियमच आहे तसा. (सामान्य म्हणजे काय, तर ज्याला पहिल्या मीटिंगमध्ये चहा आणि शेवटच्या मीटिंगमध्ये मत विचारतात तो.) २०१४ साली मी एका दिवाळी अंकात लेख लिहिला. त्यात सरळ म्हटलं: चूक. पॅप स्मिअरचा उपयोग जगाला १९४०च्या दशकापासून माहीत आहे. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नीती ठरवणारा हेलसिंकीचा जाहीरनामा सांगतो की नव्या उपायाची तुलना करायची ती सिद्ध झालेल्या उत्तम उपायाशी. मग चौथ्या भागातल्या बायकांना काहीच का नाही? ल्योंच्या बायकांवर असा अभ्यास कुणी करू दिला असता का?

लेख बरा झाला होता. टाळ्या मिळाल्या.

कमिटीतल्या एका म्हाताऱ्या सर्जनने तो वाचला आणि मीटिंगनंतर मला गाडीपाशी गाठलं. "बाई, ल्योंमध्ये बायकांची तपासणी होते. इथे होती शून्य. तीन भागांना काहीतरी मिळालं. चौथ्याचं काय काढून घेतलं ते सांगा." मी म्हणाले, "त्यांचं मरण मोजलं." ते म्हणाले, "आधीही मरतच होत्या. मोजत नव्हतं कुणी."

याला उत्तर आहे, पण मला ते दोन दिवसांनी सुचलं. ज्याने दारात जाऊन नाव लिहून घेतलं, वय विचारलं, त्याचं त्या बाईशी काहीतरी नातं जोडलं जातं. अनोळखी माणसाला पाणी दिलं नाही तर गोष्ट वेगळी. ओसरीवर बसवून, तहान लागली का विचारून, वहीत नोंद करून मग दिलं नाही तर ती वेगळी. हे मला अजूनही पटतं.

पण त्याच निकालातले आणखी दोन आकडे मी लेखात घेतले नव्हते. पॅप स्मिअरच्या भागात ५४ मृत्यू, व्हायाच्या भागात ५६. चौथ्या भागाच्या ६४शी त्यांचा फरक ठामपणे सांगण्याजोगा नाही. म्हणजे मी ज्याला 'सिद्ध झालेला उत्तम उपाय' म्हणत होते, तो त्या जिल्ह्यात, एकाच फेरीत, फारसा चाललाच नाही. काहीच न मिळालेला चौथा भाग नसता तर हे कळलं कसं असतं? उलट मुंबईच्या वस्त्यांत १९९८पासून चाललेल्या अभ्यासात, दर दोन वर्षांनी व्हाया करत राहिल्यावर, मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तिथेही ७६ हजारांवर बायका बिनतपासणीच्या गटात होत्या. मग त्या आकड्यालाही हात लावायचा नाही का? मी तर तो प्रत्येक व्याख्यानात वापरते.

आता ज्यामुळे हे लिहायला बसले ते.

२०१७चा पावसाळा. कमिटीपुढे एक प्रस्ताव आला. आमच्याच भागातली २४ गावं, तीन गट. पहिल्या गटात आशाताई घरी जाऊन एचपीव्हीचं किट देणार, नमुना बाईने स्वतःच घ्यायचा. दुसऱ्यात गावात शिबिर. तिसऱ्या गटापुढे दोन शब्द: 'नेहमीची सेवा'. मी त्या शब्दांखाली लाल रेघ मारली ती कागद फाटेपर्यंत. आदल्याच वर्षी केंद्राने ३० वर्षांवरच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हाया करायची असं ठरवलं होतं. म्हणजे नेहमीची सेवा कागदावर व्हाया होती आणि गावात काहीच नव्हती. मग अभ्यासाने तुलना कशाशी करायची, कागदाशी की गावाशी?

मी म्हटलं, तिसऱ्या गटाला निदान व्हाया द्या. अभ्यास करणारी डॉक्टर तरुण होती, माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, "मॅडम, मग तिसरा गट उरतच नाही. आणि पैसे दोन गटांचेच आहेत." मी म्हटलं, मग अभ्यास संपल्यावर द्या, पण आत्ता लेखी द्या. तिने फंड देणाऱ्यांना विचारलं. दोन महिने गेले. त्यांचं उत्तर गुळमुळीत होतं. मी पुन्हा अडून बसले. वकीलसाहेब माझ्या बाजूने आले, म्हाताऱ्या सर्जनने खिडकीबाहेर बघितलं. प्रस्ताव दुसऱ्यांदा परत गेला. मार्चमध्ये आर्थिक वर्ष संपलं आणि त्या डॉक्टर मुलीने एका ओळीचं पत्र पाठवून प्रस्ताव मागे घेतला. माझा त्या दिवशीचा उत्साह आठवला की लाज वाटते. घरी येऊन मी श्रीखंड केलं होतं.

त्या २४ गावांत मग काय झालं? काहीच नाही. किट नाही, शिबिर नाही, व्हायाही नाही.

चार वर्षांनी आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी एक दिवस उशिरा आल्या. धाकटी जाऊ गावाहून आली होती. "अंगावरनं जातंय बाई तिला. पाळी बंद होऊन दोन वर्सं झाली अन् आता पुन्हा." मी वही बाजूला ठेवली. वास येतो का, कंबर दुखते का, विचारलं. मावशी म्हणाल्या, "तुमाला कसं कळलं?"

मला कसं कळलं! पाचशे पानं वाचली होती त्यावर.

तपासणीत आजार बाजूच्या भिंतीपर्यंत पोचलेला निघाला. ऑपरेशनची वेळ टळली होती. शेक, म्हणजे रेडिएशन, आणि केमो. रोज एसटीने येऊन शेक घ्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत. काही दिवस ती आमच्याच मागच्या खोलीत राहिली. शेहेचाळीस वर्षांची. उन्हात बसून तूर निवडायची, रिकामं बसवत नाही म्हणून. एकदा गाव कुठलं म्हणून विचारलं. तिने नाव सांगितलं, आणि मी आत जाऊन कपाटातून ती जुनी फाइल काढली. (ती परत करायला हवी होती. केली नव्हती.) मागच्या पानावर गावांची यादी. अकरावं नाव.

हा आजार एका रात्रीत होत नाही. पेशी बिघडायला लागल्यापासून कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा दहा-दहा वर्षं जातात. म्हणजे २०१७ साली तिच्यात काहीतरी सापडण्याजोगं असणार, आणि तेव्हा सापडलं असतं तर ते गोठवून नष्ट करायचं काम काही मिनिटांचं होतं.

आता मला सांगणारे पुष्कळ भेटतात की असा हिशोब करायचा नसतो. मी तो कितीतरी रात्री केला आहे. तिचं गाव चिठ्ठीत कोणत्या गटात गेलं असतं? तीनात दोन शक्यता तपासणीच्या. तपासणीच्या गटात गेलं असतं तरी ती आली असती का? आशाताईंनी किट दिलं असतं तर तिने ते नवऱ्यासमोर हातात घेतलं असतं का? आणि चिठ्ठी तिसऱ्या गटाची निघाली असती तर? मग हीच बाई ह्याच खोलीत तूर निवडत बसली असती आणि मी म्हटलं असतं, बघा, मी सांगत होते. ही शेवटची शक्यता मला सगळ्यात जास्त टोचते, कारण त्यात मी बरोबर ठरले असते.

चौदा महिन्यांनी ती गेली.

मावशींना मी यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांनी एकदा विचारलं होतं, "बाई, तुमच्या त्या मीटिंगमधी काय असतं ओ?" "कागद वाचायचे असतात," म्हणाले.

तर मग प्रस्ताव मंजूर करायला हवा होता, असं म्हणता? तुम्ही म्हणा. माझ्याच्याने होत नाही. तिसऱ्या गटातली प्रत्येक बाई कुणाची तरी धाकटी जाऊ असणार होती, आणि तिला न सांगता आपण तिला न तपासलेल्यांच्या रकान्यात मोजणार होतो. शिवाय अडवणूक मी एकटीने केली नव्हती. तिसऱ्या गटाची व्हाया करायला जे पैसे नव्हते ते फंड देणाऱ्यांकडे नव्हते, की त्यांना द्यायचे नव्हते? हा प्रश्न मला कुणीच विचारत नाही. सगळे माझी बाजू विचारतात. आणि २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी या कॅन्सरची तपासणी कधीतरी झालेल्या होत्या १.९ टक्के. हे सगळे अभ्यास होऊन गेल्यानंतरचा आकडा आहे हा. ज्या ज्ञानासाठी चौथा भाग लागला, त्याचं आपण पुढे काय केलं?

पण हेही लिहिताना कळतं की मी पुन्हा दिवाळी अंकातल्यासारखी बोलायला लागले.

एक गोष्ट आजवर कुठल्या व्याख्यानात सांगितलेली नाही. हे सगळं मी बोलत होते तेव्हा माझी स्वतःची तपासणी एकदाही झालेली नव्हती. मावशींची जाऊ वारली, त्यानंतरच्या महिन्यात मी तपासणीला गेले. माझ्या वयाला व्हाया चालत नाही म्हणून डॉक्टरांनी स्मिअर घेतला. शेजारच्या टेबलावर एका तरुण मुलीची व्हाया चालली होती. मधे हिरवा पडदा होता. तिकडची सिस्टर म्हणाली, "आता एक मिनिट थांबायचं हं," आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. मीही बघत राहिले. काटा फिरला. सिस्टर म्हणाली, "काही नाही. जा घरी."

मावशींच्याही मागे लागले आहे. वय बसतंय, किटची तपासणी होते, पैसे मी भरते म्हटलंय. मंगळवारी जाऊ म्हणतात. गेल्या मंगळवारी उपास निघाला, त्याच्या आधी नातवाच्या शाळेत बोलावणं होतं. उद्या मंगळवार आहे. मी रिक्षावाल्याला नऊला सांगून ठेवलंय.