पाचवी रेघ

न्यू जर्सीतल्या एका लिलावघरात मी जुन्या टपाल तिकिटांची वर्णनं लिहिते. आईला अजून वाटतं, मी पोस्टात आहे.

त्या दिवशी टेबलावर घडीच्या पत्रांचा खोका आला. पाठवणाऱ्याने वर लिहिलं होतं, 'साधी, तीन सेंटवाली'. ती साधी असतातच. १ जुलै १८५१ पासून तीन सेंट आगाऊ भरले की पत्र तीन हजार मैलांपर्यंत जायचं, त्यामुळे ही तिकिटं ढिगाने छापली गेली. वॉशिंग्टनचा चेहरा, छिद्रं नाहीत, प्रत्येकाने आपल्या कात्रीने कापलेली.

गंमत छपाईत आहे. पोलादी रोलरने प्लेटवर एकेक ठसा दाबला जायचा आणि एका प्लेटवर असे २०० ठसे, डावीकडे शंभर, उजवीकडे शंभर. चौकटीच्या रेषा फिक्या उठल्या म्हणून कारागिराने त्या हाताने पुन्हा कोरल्या. हाताचं काम दोनदा सारखं कसं येणार? त्या फरकांवरून डॉ. कॅरोल चेस यांनी प्लेटींच्या तेराही अवस्थांमधल्या (प्लेट पुन्हा दुरुस्त केली की नवी अवस्था) प्रत्येक ठशाच्या जागा ओळखून काढल्या आणि १९२९ साली पुस्तक केलं. आमच्या कपाटात ते आहे, कणा सुटलेलं.

तर त्यातलं एक पत्र बाल्टिमोरचं, निळ्या शिक्क्याचं. तिकीट नारिंगी तपकिरी, म्हणजे सुरुवातीच्या छपाईचं. चित्राच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या त्रिकोणावर भिंग धरलं. तिथे बहुधा कोरीव रेघ नसते, असली तर एखाददुसरी, कधी तीन. मी मोजल्या चार. चार? पुन्हा मोजल्या, तरी चारच. शिक्क्याची कड नेमकी त्रिकोणावरून गेली होती, म्हणून मी कंटाळून चिठ्ठीवर 'प्लेट ठरली नाही' लिहिलं.

शेजारच्या टेबलावरचे आमचे म्हातारे सहकारी कॉफी घेऊन आले, वाकले आणि म्हणाले, "शिक्का काढून टाक की." मी हसले. ते हसले नाहीत.

मग लक्षात आलं. तिकीट स्कॅन केलं आणि पडद्यावर फक्त निळा चॅनल, म्हणजे चित्रातला निळ्या प्रकाशाचा भाग, ठेवला. शिक्का पुसट झाला, तिकिटाची नारिंगी शाई काळी पडली आणि त्रिकोणाच्या टोकाशी, शिक्क्याच्या कडेखाली दडलेली, पाचवी रेघ दिसली. जराशी तिरकी, बाकीच्या चौघींना न जुमानणारी.

पाच रेघांची जागा एकच आहे. ती जिच्यावर आहे त्या प्लेटीवर क्रमांक कोरलेला नव्हता, म्हणून तिला शून्य म्हणतात. तिच्या डाव्या भागातलं सत्तेचाळिसावं तिकीट, पाचवी ओळ, सातवं घर. तरी मी संदर्भाच्या फोटोशी चौकटीच्या चारही बाजू ताडून पाहिल्या. तासभर गेला. इतक्या वर्षांत अशा चिठ्ठ्या मी किती घाईने लिहिल्या असतील, हा विचार मध्येच येऊन गेला, पण तो त्या दिवशी तरी परवडणारा नव्हता.

जुनी चिठ्ठी फाडली, नवी लिहिली: ४७एल०, एल म्हणजे डावा भाग. सहकाऱ्यांनी ती वाचली आणि कॉफी गार झाली म्हणून कुरकुरत परत गेले.

खोक्यात अजून साठेक पत्रं होती. त्यांत काही निघालं नाही.