शॉट तेवीसमधली चादर

दोरीवर वाळत घातलेली चादर, मंद वारा, मागून तिरपं ऊन. शॉट २३ मध्ये एवढंच आहे. आठ सेकंद, सेकंदाला २४ या हिशेबाने १९२ फ्रेम. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केलेली ॲनिमेशन फिल्म रात्री द्यायची होती आणि सकाळी रेंडर, म्हणजे संगणकाने काढलेल्या फ्रेम, चाळताना चादर दोन फ्रेम छान फडफडली, तिसऱ्या फ्रेमला इस्त्री केल्यासारखी सपाट झाली, चौथीला पुन्हा फडफडू लागली. पुढे हेच, पण ठरावीक अंतराने नाही. कधी दोन फ्रेमनंतर, कधी पाच.

कापड बिघडलं की सगळे सिम्युलेशनवर, म्हणजे कापड कसं हलेल याच्या हिशेबावर, घसरतात. क्वालिटी स्टेप्स (एका फ्रेमसाठी हिशेबाचे टप्पे) ५ वरून १० करा, पुन्हा बेक करा (सगळा हिशेब करून साठवून ठेवा), वगैरे. इथे ते केलं असतं तर अर्धा दिवस गेला असता आणि चादर तशीच राहिली असती. सिम्युलेशन खरोखर फाटतं तेव्हा त्याचं दुखणं पुढच्या फ्रेममध्ये उतरतं, कारण प्रत्येक फ्रेम मागच्या फ्रेमवर उभी असते. टोकं ताणली जातात, कापड खांबात घुसतं आणि मग सावरत नाही. इथली चादर एका फ्रेमपुरती मूळ मॉडेलच्या आकारात जात होती आणि पुढच्या फ्रेमला जिथे असायला हवी नेमकी तिथे परत येत होती. म्हणजे हिशेब बरोबर झालेला होता. काही फ्रेमना तो वाचलाच जात नव्हता.

रेंडरची मांडणी साधी होती. तीन मशीन, एक सामाईक फोल्डर, ब्लेंडरच्या आउटपुट पानावर ‘ओव्हरराइट’ बंद आणि ‘प्लेसहोल्डर्स’ चालू. प्रत्येक मशीन पुढची रिकामी फ्रेम शोधतं, तिच्या नावाची शून्य बाइटची फाइल टाकून जागा धरतं, मग रेंडर करतं. बाकीची मशीन ती फ्रेम सोडून पुढे जातात. मशीनना काम वाटून देणारं वेगळं रेंडर फार्म सॉफ्टवेअर लागत नाही. थेट व्हिडिओ फाइलमध्ये रेंडर केलं तर ही वाटणी होतच नाही, शिवाय वीज गेली की सगळं गेलं; म्हणून फ्रेम नेहमी सुट्ट्या चित्रांतच काढायच्या. अख्खी फिल्म ४ मिनिटं १० सेकंदांची, म्हणजे ६००० फ्रेम. सरासरी ४० सेकंद एका फ्रेमला धरले तर एका मशीनवर ६६ तासांहून जास्त, तिघांवर साधारण २२.

बिघाड ठरावीक अंतराने नव्हता, याचं उत्तर या मांडणीतच होतं. जो मोकळा होईल तो पुढची फ्रेम उचलतो, त्यामुळे कोणती फ्रेम कोणी केली याला क्रम नसतो. एखादंच मशीन चुकत असेल तर चुका अशाच विखुरलेल्या दिसणार.

ब्लेंडर पीएनजी चित्राच्या आत मेटाडेटा, म्हणजे चित्राविषयीच्या नोंदी, लिहितो. आउटपुटच्या मेटाडेटा भागात ‘होस्टनेम’ आणि ‘फाइलनेम’ यांच्यावर खूण केलेली असेल तर फ्रेम कोणत्या मशीनवर, कोणत्या फाइलमधून निघाली हे चित्रावर काही न छापता आत नोंदलं जातं. ही खूण प्रकल्पाच्या पहिल्या दिवशी करावी, नंतर उपयोग नाही. इमेजमॅजिक या चित्रं हाताळणाऱ्या प्रोग्रामने १९२ फाइलींचा मेटाडेटा एका यादीत ओढला. सपाट चादरीच्या ५७ फ्रेम होत्या. सगळ्या तिसऱ्या मशीनच्या. आणि त्यांत फाइलचं नाव वेगळं होतं: मूळ नावाच्या शेवटी ‘लोकल’ जोडलेलं.

आदल्या रात्री नेटवर्क अडखळत होतं म्हणून ती फाइल तिसऱ्या मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवली होती आणि गोंधळ नको म्हणून नाव बदललं होतं. हेतू चांगला. पण कापडाचा बेक ‘डिस्क कॅश’ (साठवलेला हिशेब डिस्कवर ठेवण्याची सोय) लावून केलेला होता, आणि अशा वेळी ब्लेंडर हिशेब फाइलच्या आत ठेवत नाही. शेजारी एक फोल्डर करतो. त्याचं नाव ‘ब्लेंडकॅश’, एक अधोरेषा आणि पुढे फाइलचं नाव. फाइलचं नाव बदललं की ब्लेंडर नव्या नावाचं फोल्डर शोधतो. ते फोल्डरही सोबत उतरवलेलं होतं, पण जुन्या नावाचं. कॅश सापडली नाही, म्हणून कापड मूळ आकारात रेंडर झालं. टर्मिनलवर तक्रारीची एक ओळ नाही. टेक्स्चर, म्हणजे वस्तूवर चढवलेलं चित्र, हरवलं असतं तर सगळं भडक गुलाबी दिसून पाच मिनिटांत कळलं असतं. पण ही चित्रं फाइलच्या आतच पॅक केलेली होती, त्यामुळे बाकी फ्रेम अगदी शहाण्यासारखी दिसत होती. डिस्क कॅश मात्र पॅक होत नाही.

दुरुस्ती दोन मिनिटांची: तिसऱ्या मशीनवरच्या फाइलचं नाव पूर्वीसारखं केलं, १०० वी फ्रेम एकटी रेंडर करून पाहिली, चादर फुगलेली दिसली. मग त्या ५७ फाइली उडवल्या आणि तिन्ही मशीनवर टर्मिनलमधून रेंडरची तीच आज्ञा पुन्हा सोडली. ऊन कापडातून आरपार येतं म्हणून या शॉटला फ्रेममागे दोन मिनिटं लागतात. ५७ फ्रेम तिघांत वाटल्या, प्रत्येकी १९, म्हणजे ३८ मिनिटं. आज्ञा टाइप करताना क्रम सांभाळावा लागतो. ब्लेंडर पर्याय डावीकडून उजवीकडे पाळतो. सुरुवातीची आणि शेवटची फ्रेम सांगणारे पर्याय ‘ॲनिमेशन रेंडर कर’ या ‘-ए’च्या आधी हवेत, नंतर लिहिले तर त्याने काम केव्हाच सुरू केलेलं असतं.

आता असे शॉट आम्ही अलेम्बिकमध्ये, म्हणजे हलणारा आकार फ्रेमगणिक साठवणाऱ्या फाइल-प्रकारात, काढून ठेवतो. कापड एकदा पसंत पडलं की ते अलेम्बिक फाइलमध्ये लिहायचं, सिम्युलेशनचा मॉडिफायर (वस्तूचा आकार बदलणारी ब्लेंडरमधली जोडणी) काढायचा आणि त्या जागी ही फाइल वाचणारा मॉडिफायर लावायचा. दहा हजार बिंदूंची चादर, प्रत्येक बिंदूला तीन आकडे, आकड्याला चार बाइट. फ्रेमला १२० केबी, १९२ फ्रेमना साधारण २३ एमबी. एवढ्याशा जागेसाठी नावावर विसंबणारी कॅश सांभाळत बसण्यात अर्थ नाही.

३८ मिनिटांनंतर फोल्डरमध्ये १९२ फाइली होत्या, पण त्यांतली एक शून्य बाइटची. नाव बदलण्यापूर्वी तिसऱ्या मशीनवरचा ब्लेंडर सरळ मारून टाकला होता. एस्केप दाबून थांबवलं तर तो आपली रिकामी फाइल उचलून नेतो, मारला तर ती तशीच पडून राहते. ‘ओव्हरराइट’ बंद असल्यामुळे पुढच्या फेरीत प्रत्येक मशीनला वाटतं की ती फ्रेम दुसरं कोणीतरी करतंय. फाइलींची संख्या मोजून हे कळत नाही. आकारानुसार लावून सगळ्यात वर बघायचं, बस्स.

संध्याकाळी ३८ शॉट ब्लेंडरच्याच व्हिडिओ सिक्वेन्सर या संकलनाच्या भागात जोडले आणि चित्र मरगळलेलं दिसायला लागलं. काळा रंग राखाडी, उन्हातला केशरी उतरलेला. हे दुखणं ओळखीचं आहे. शॉट रेंडर होताना एजीएक्स हा व्ह्यू ट्रान्सफॉर्म, म्हणजे हिशेबातला रंग पडद्याजोगा करणारं रूपांतर, पीएनजीत मुरलेला असतो. ब्लेंडर ४.० पासून तो मूळ सेटिंगच आहे, त्यामुळे जोडणीच्या नव्या सीनमध्येही तोच असतो आणि शिजलेला रंग पुन्हा शिजतो. जोडणीच्या सीनला व्ह्यू ट्रान्सफॉर्म ‘स्टँडर्ड’ हवा. शॉट ईएक्सआर या चित्र-प्रकारात असते तर गोष्ट उलटी: त्यात रंग कच्चा, रेषीय असतो, आणि तो ट्रान्सफॉर्म न लावता सरळ एफएफएमपेगला (चित्रं आणि आवाज जोडून व्हिडिओ काढणारा प्रोग्राम) दिला तर फिल्म अंधारी निघते.

शेवटचा घोळ त्या एफएफएमपेगनेच घातला. जोडलेल्या ६००० फ्रेम आणि २५० सेकंदांचा डब्ल्यूएव्ही आवाज देऊन पहिली फाइल काढली. सुरुवात ठीक वाटली. मिनिटाभराने पावलांचा आवाज पावलांच्या मागे पडायला लागला, आणि शेवटी दार लागताना दिसलं, आवाज मात्र दहा सेकंदांनी आला. ‘फ्रेमरेट’ हा पर्याय आज्ञेत राहून गेला होता. तो नसेल तर एफएफएमपेग चित्रमालिका २५ च्या गतीची धरतो. ६००० भागिले २५ म्हणजे २४० सेकंद, चित्र आवाजाच्या दहा सेकंद आधी संपणार. हा पर्याय चित्रांच्या नावाआधी लिहायचा. २४ ची गती नंतर लिहिली तर लांबी २४०च राहते आणि मधल्या फ्रेम गाळल्या जातात, ते तर सहज लक्षातही येत नाही. सोबत पिक्सेल फॉरमॅट, म्हणजे रंग साठवण्याची पद्धत, ‘वाययूव्ही ४२०पी’ आवर्जून सांगायचा. पीएनजीवरून एच.२६४ प्रकारचा व्हिडिओ काढताना तो सांगितला नाही तर ‘वाययूव्ही ४४४पी’ निघतो, आपल्या संगणकावर चालतो आणि दुसरीकडे कित्येक प्लेअरवर नुसती काळी चौकट दिसते.

दुसऱ्या फाइलची लांबी ४:१० भरली. दार ५९५२ व्या फ्रेमला लागतं, म्हणजे २४८ व्या सेकंदाला. ती जागा उघडून पाहिली, आवाज तिथेच होता. मग शॉट २३ एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिला. १९२ फ्रेम, चादर एकदाही सपाट झाली नाही.