ताम्हिणीत एक रात्र : घर झाडावर की झाडापाशी?

बुकिंग करताना फोनवर एकच प्रश्न विचारायचा राहिला: "घर झाडावर आहे की झाडापाशी?" तुम्ही तो आधी विचारा.

जाहिरातीतला फोटो पाहून लेकीने आठवडाभर डोकं खाल्लं होतं. शेवटी डिसेंबरातल्या एका शनिवारी आई, बायको, लेक आणि मी निघालो. चांदणी चौक सकाळी सातच्या आत सोडा, नाहीतर भूगाव-पिरंगुटात गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नाही. पेट्रोल आणि रोख पैशांचं पौडलाच बघा. मुळशीचं पाणी मागे पडलं की रेंज आधी येते-जाते, मग नुसतीच जाते. नकाशा फोनमध्ये उतरवून घेतलेला बरा.

तिथे एकूण तीन घरं. दोन चक्क लोखंडी खांबांवर उभी, शेजारून जांभळीच्या फांद्या गेलेल्या, एवढाच काय तो झाडाचा संबंध. आमचं त्यातलंच. आई खालूनच म्हणाली, "हा तर राखणीचा माळा. आबांचा याहून उंच होता." जेवणाच्या मांडवात कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावरच्या गोल लाकडी घरांचा फोटो लावलाय. तीन झाडांच्या मधोमध दोरांनी टांगलेली, एखाद्या फळासारखी. फोटो तिथला आणि आपण खांबांवर!

तिसरं घर मात्र खरोखर दोन झाडांवर पेललेलं. त्यातले पाहुणे संध्याकाळी यायचे होते, म्हणून तिथल्या काकांनी वर नेलं. मला सगळ्यात आवडली ती तुळई. तिचं एक टोक खोडातल्या जाड बोल्टवर पक्कं बसवलंय, दुसरं नुसतंच लोखंडी खोबणीत टेकवलंय, मागेपुढे सरकेल असं. "वारं सुटलं की दोघं एका तालात थोडीच हलतात? दोन्हीकडं आवळलं तर काहीतरी तुटणारच," काका म्हणाले. लेकीची शंका वेगळीच: झाड वाढलं की घर वर जाणार का? नाही. झाड उंच होतं ते शेंड्याकडून. बोल्ट आहे त्याच उंचीवर राहतो, खोड तेवढं जाड होतं.

खोडात बोल्ट मारलेला बघून वाईट वाटतं खरं, पण खोडाला आवळलेली तार त्याहून वाईट. अन्नरस सालीतूनच खाली जातो, त्यामुळे खोड भरत गेलं की तार त्याचाच गळा धरते. वाटेवरच्या आंब्याला दिव्यांची माळ अशीच गुंडाळली होती. तार सालीत रुतून वर ओठासारखी सूज आलेली. काकांना दाखवली. ते काही बोलले नाहीत, पक्कड घेऊन आले.

भाडं तिन्ही घरांचं सारखंच, हे मला अजून पचलेलं नाही.

संडास वर आहे का, हेही विचाराच. आमचा खाली होता. रात्री दोन वाजता आईचे गुडघे, एकोणीस पायऱ्या आणि माझ्या हातात मरायला टेकलेली बॅटरी. सामान चाकांच्या बॅगेत नको, पाठीवरच्या सॅकमध्ये भरा. गोधडी किंवा जाड शाल हवीच, फळ्यांच्या फटींतून खालून वारा लागतो. खाऊ बाहेर ठेवू नका, माकडं आहेत. पावसाळ्यात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर मी जाणार नाही. इथला पाऊस धो-धो आणि शिडी निसरडी.

सकाळी साडेसहाला लेकीने हलवून उठवलं. समोरच्या झाडावर, अगदी बारीक फांदीच्या टोकाशी, काटक्या-पानांचा गोळा, आणि त्यातून निघालेलं शेकरू. तांबूस-तपकिरी अंग, लांबलचक शेपूट. जड शिकाऱ्याचा भार फांदीला पेलायचा नाही अशीच जागा ते घरट्यासाठी निवडतं. एक उडी मारून पलीकडच्या झाडावर गेलं, तेव्हा फांदी कितीतरी वेळ झुलत होती, घरटं मात्र जागच्या जागी.

पुन्हा गेलो तर ते तिसरंच घर घेणार. आईने आत्ताच सांगून ठेवलंय, ती खालच्या खोलीत झोपेल.