यॉर्कला बाबांसोबत : रेल्वेचे संग्रहालय आणि पबमधले जेवण

ज्या माणसाची सगळी नोकरी भुसावळच्या लोकोशेडमध्ये गेली, तो इंग्लंडला आल्यावर त्याला लंडनच्या आधी यॉर्क दाखवावे, असे माझे ठाम मत होते. मी राहते त्या लीड्सहून रेल्वेने यॉर्कला जायला साधारण अर्धा तास लागतो. राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय यॉर्क स्थानकापासून चालत काही मिनिटांवर आहे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयाला प्रवेशशुल्क नाही.

तिथल्या मोठ्या दालनात ‘मॅलार्ड’ हे निळे इंजिन उभे आहे. ३ जुलै १९३८ रोजी त्याने ताशी सुमारे २०३ किलोमीटरचा वेग गाठला आणि वाफेच्या इंजिनांमधला तो विक्रम आजही मोडलेला नाही. बाबांनी त्याला मनापासून नमस्कार केला, पण ते खरे रमले ते एका उभ्या चिरलेल्या इंजिनापाशी. त्याची एक बाजू कापून आतली रचना उघडी ठेवलेली आहे. भट्टीतला तप्त वायू बॉयलरमधल्या नळ्यांतून कसा जातो, त्या नळ्यांभोवतीचे पाणी कसे उकळते, वाफ सिलिंडरमध्ये शिरून दट्ट्या कसा ढकलते आणि धुराड्यातून बाहेर पडताना भट्टीला पुन्हा कशी हवा ओढून देते, हे त्यांनी मला बोटाने दाखवत सावकाश समजावून सांगितले. उमेदवारीच्या काळात अशाच नळ्या साफ करताना हात कसे भाजत, हेही त्यांच्याकडून मी प्रथमच ऐकले. जवळच चीनसाठी बांधलेले १९३५ चे एक अवाढव्य इंजिन आहे. त्यावर व्हल्कन फाउंड्रीचे नाव दिसताच बाबा थबकले, कारण १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू करणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी. आय. पी.) रेल्वेने आपली पहिली इंजिने याच कारखान्यातून मागवली होती.

दुपारी दीडच्या सुमारास आम्ही जवळच्या एका पबमध्ये जेवायला गेलो. इंग्लंडमध्ये दुपारच्या वेळी पबमध्ये लहान मुलांसह कुटुंबे जेवायला बसतात, हे मी बाबांना आधीच सांगितले होते, त्यामुळे गळ्यात माळ असूनही त्यांना आत यायला संकोच वाटला नाही. जागा स्वच्छ होती, खिडकीशी टेबल मिळाले आणि बाहेरच्या फळ्यावर दोन जेवणे मिळून एकच सवलतीचा दर लिहिलेला होता. अशा ठिकाणी टेबलाचा क्रमांक लक्षात ठेवून काउंटरवर जायचे, तिथेच पदार्थ सांगायचे आणि पैसेही आधीच भरायचे, अशी पद्धत असते.

शाकाहारी आणि मद्य वर्ज्य असलेल्या माणसासाठी पबच्या मेनूकार्डात फारसे काही उरत नाही. मशरूमच्या ‘पाय’मध्ये, म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेल्या पदार्थात, एल, म्हणजे बिअरचाच एक प्रकार होता, तर कांद्याच्या भज्यांचे पीठ बिअरमध्ये भिजवलेले होते. यॉर्कशरमध्ये चिप्स, म्हणजे बटाट्याचे जाडसर लांब तुकडे, गाईच्या चरबीत तळण्याची जुनी प्रथा आहे, म्हणून मी तेलाची चौकशी केली. काउंटरवरच्या मुलाने आत जाऊन विचारले आणि तेल वनस्पतीचेच आहे, पण मासेही त्याच कढईत तळतात, असे प्रामाणिकपणे सांगितले. त्याने एक जाड फाइलही दाखवली. कायद्याने जाहीर करावे लागणारे १४ ॲलर्जीकारक घटक तिच्यात पदार्थागणिक नोंदवलेले होते, पण कोणता पदार्थ कोणत्या कढईत तळला जातो, याची नोंद तिच्यात नव्हती. अखेरीस बाबांसाठी बीन्स आणि चीज घातलेला भाजका बटाटा, म्हणजे जॅकेट पोटॅटो, आणि माझ्यासाठी भाजीची करी मागवली.

नीट भाजलेल्या जॅकेट पोटॅटोचे साल कुरकुरीत लागते आणि आतला गर वाफाळता, भुसभुशीत असतो. त्यासाठी भट्टीत तासभर तरी द्यावा लागतो. बाबांच्या ताटात आलेला बटाटा मायक्रोवेव्हमधून काढलेला होता. त्याचे साल ओलसर आणि चिवट होते, गाभा थंड आणि कच्चट होता, आणि किसलेले चीज वितळलेच नव्हते. माझी करी गोड आणि पिवळी होती, भाताचे गोळे झाले होते. मी बटाटा परत पाठवला. तो आला तेव्हा कडेचे बीन्स सुकून ताटाला चिकटले होते, पण मधला भाग कोमटच होता. बाबा म्हणाले, “अगं, राहू दे. ती पोरं किती धावपळ करताहेत, बघ.” आणि त्यांनी ताटात काहीही न टाकता तो बटाटा संपवला.

त्यांचे म्हणणे खरे होते. भरलेल्या खोलीत दोनच मुले पेये ओतत होती, ताटे नेत होती आणि टेबले पुसत होती, म्हणून त्यांना मी दोष देत नाही. अनेक स्वस्त पबांच्या स्वयंपाकघरात रांधणारे माणूसच नसते. कारखान्यात तयार झालेले गोठवलेले पदार्थ येतात आणि इथे ते फक्त गरम होतात. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. कमी पैशांत चांगले जेवण देता येत नाही, असे मी मानत नाही. भुसावळच्या बाजारात भरीत आणि कळण्याची भाकरी खाणाऱ्याला कुणी थंड घास वाढत नाही. सकाळी एक पैसाही न घेता ज्या संग्रहालयाने बाबांचे इतके आस्थेने स्वागत केले, त्याच्याच शेजारी, पैसे मोजून, सत्तरीच्या माणसापुढे कच्चा बटाटा यावा, हे मला फार लागले.

यॉर्कला आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी शॅम्बल्स मार्केटमधले खाण्याचे स्टॉल आधी पाहावेत. तिथे पदार्थ डोळ्यांसमोर तयार होतो आणि करणाऱ्यालाच तेलाविषयी विचारता येते. पबमध्येच जायचे असेल, तर पदार्थ इथे रांधतात की फक्त गरम करतात, हे पैसे भरण्यापूर्वी स्पष्ट विचारावे.

जेवणानंतर आम्ही शहराच्या तटबंदीवरून चाललो. स्थानकाजवळच्या टप्प्यावरून एकीकडे मिन्स्टरचे, म्हणजे इथल्या मोठ्या चर्चचे, मनोरे आणि दुसरीकडे रूळ दिसतात. बाबांनी मिन्स्टरकडे एकदा पाहिले आणि मग बराच वेळ ते रुळांकडेच पाहत राहिले. पुढच्या रविवारी त्यांना कीथली ते ऑक्सनहोप या आठ किलोमीटरच्या मार्गावर नेणार आहे. हा मार्ग १९६८ पासून रेल्वेप्रेमी स्वयंसेवक चालवतात आणि त्यावर वाफेची इंजिने अजूनही गाड्या ओढतात. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असेल.